आधी वापरणारा बघा, मग स्क्रीन आखा

१९४३ साल. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं आणि अमेरिकेच्या बी-१७ बॉम्बर विमानांच्या बाबतीत एक विचित्र प्रकार वारंवार घडत होता. विमान सुखरूप धावपट्टीवर उतरायचं आणि उतरल्यावर वैमानिक पंखांचे फ्लॅप मिटवण्याऐवजी चाकंच आत घ्यायचा. विमान पोटावर आपटायचं. वैमानिक चांगले तयार झालेले होते, तरी नोंद व्हायची ती ‘वैमानिकाची चूक’ अशीच. ओहायोतल्या राइट फील्ड तळावर काम करणाऱ्या अल्फॉन्स चपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञानं थेट कॉकपिटकडे लक्ष वळवलं. फ्लॅपचा खटका आणि चाकांचा खटका शेजारीशेजारी होते आणि हुबेहूब एकसारखे होते. चपॅनिस यांचा उपाय साधा होता : चाकांच्या खटक्याला चाकाच्या आकाराचं टोक आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीच्या आकाराचं. आता न बघताही बोटांना फरक कळू लागला. आकारावरून खटका ओळखण्याची ही पद्धत विमानांत आजही पाळली जाते.

चपॅनिस डिझायनर नव्हते. राइट फील्डवरच काम केलेले पॉल फिट्स हेही मानसशास्त्रज्ञ. लक्ष्य जितकं लहान आणि जितकं लांब, तितका तिथे पोहोचायला वेळ जास्त, हा १९५४ सालचा नियम त्यांचा. बटण केवढं असावं हे ठरवताना आजही त्याचाच आधार घेतात. कट-कॉपी-पेस्ट ज्यांच्यामुळे आपल्या हातात आलं ते लॅरी टेस्लर संगणकशास्त्रज्ञ. ज्यांचं पुस्तक पुढे भेटेल ते डॉन नॉर्मन आधी इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले आणि मग मानसशास्त्राकडे वळले. माणूस काम करताना कुठे अडखळतो हे चिकाटीनं बघणाऱ्या अशा लोकांनी इंटरफेस डिझाईनचा पाया घातला. स्टार्टअप काढणाऱ्या, पण डिझाईन न शिकलेल्या प्रत्येकानं ही गोष्ट लक्षात ठेवावी. ‘मला चित्र काढता येत नाही’ ही अडचण खरी आहे, पण ती या वाटेवर बरीच उशिरा येते. आधीचा लांबचा पल्ला बघण्याचा आणि ठरवण्याचा आहे, आणि तो कुणालाही शिकता येतो.

स्क्रीनच्या आधीचं काम

समजा, सांगली-कोल्हापूरकडच्या एका इंजिनिअरनं गावच्या दूध संकलन केंद्रासाठी अ‍ॅप करायला घेतलं. शेतकरी सकाळ-संध्याकाळ केंद्रावर दूध घालतो. लिटर मोजले जातात, फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) तपासतात, त्यावरून दर ठरतो आणि ठरावीक दिवसांनी बिल निघतं. इंजिनिअरची पहिली स्क्रीन बहुधा अशी असेल : सभासद क्रमांक, तारीख, पाळी, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. नऊ रकाने, सगळे एकाच आकाराचे, एकाखाली एक. हा क्रम त्याला सुचला कुठून? त्याच्या डेटाबेसमध्ये रकाने याच क्रमानं आहेत म्हणून. प्रोग्रॅमर मंडळींच्या हातून होणारी ही सगळ्यात नेहमीची गोष्ट आहे. माहिती जशी साठवली, तशीच ती माणसासमोर मांडली जाते.

आता शेतकऱ्याच्या बाजूनं बघू. त्याच्या मनात नऊ रकाने नसतात, दोन-तीन प्रश्न असतात. आजच्या दुधाचे किती झाले? फॅट कालच्यापेक्षा कमी का लागली? बिल कधी मिळणार? म्हणजे त्याच्या स्क्रीनवर रक्कम सगळ्यात मोठी हवी, आजच्या फॅटशेजारी कालची फॅट हवी आणि बाकीचे आकडे लहान अक्षरांत खाली असले तरी चालतील. केंद्र चालवणाऱ्याचा प्रश्न अगदी वेगळा आहे. भल्या पहाटे समोर कॅन घेऊन रांग उभी असते. त्याला सभासद क्रमांक टाकायचा, आकडे टाकायचे आणि पुढच्याला बोलवायचं. त्याच्यासाठी मोठी अंकांची कळपट्टी आणि कमीत कमी वेळा बोट टेकवणं, एवढंच महत्त्वाचं.

इथवर एकही रंग निवडला नाही, एकही आयकॉन काढला नाही. तरी दोन माणसं, दोन वेगळ्या स्क्रीन आणि प्रत्येक स्क्रीनवर सगळ्यात मोठं काय असावं, हे ठरलं. डिझाईनचा निम्मा भार इथेच हलका होतो. आणि हे ठरवण्याची सर्वांत जास्त पात्रता असते ती संस्थापकाची, कारण ग्राहकाची अडचण काय आहे हे शोधतच तो या धंद्यात आलेला असतो. बाहेरून आणलेला उत्तम डिझायनरसुद्धा पहिल्या दिवशी हेच प्रश्न त्याला विचारणार.

म्हणून शिकण्याची पहिली सवय ही : प्रत्येक स्क्रीन आखण्याआधी कागदावर एक वाक्य लिहायचं. ही स्क्रीन कोण उघडणार, कुठल्या परिस्थितीत, आणि तिच्यावरून त्याला काय करून बाहेर पडायचं आहे? हे वाक्य लिहिता येत नसेल, तर स्क्रीन आखायची वेळ अजून आलेली नाही.

गुंतागुंत कुणी सोसायची?

टेस्लर यांनी अ‍ॅपलमध्ये असताना एक विचार मांडला, तो गुंतागुंतीच्या अक्षय्यतेचा नियम म्हणून ओळखला जातो. प्रत्येक कामात काही गुंतागुंत मुळातच असते. ती नाहीशी करता येत नाही. ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं सोसायची की वापरणाऱ्यानं, एवढंच आपल्या हातात असतं.

दुधाच्या अ‍ॅपमध्ये हा नियम लगेच दिसतो. सकाळची पाळी की संध्याकाळची, हे केंद्रचालकाला दर वेळी निवडायला लावायचं कारण काय? फोनला घड्याळ आहे. सभासदानं काल म्हशीचं दूध घातलं असेल, तर आज ‘म्हैस’ आधीच निवडलेलं असू द्यावं. बदलायची सोय बाजूला ठेवावी. फॅट म्हणून कुणी ४२ टाकलं, तर ते ४.२ असणार हे दूध-धंद्यातलं पोर सांगेल. मग अ‍ॅपनं लाल अक्षरांत ‘अवैध नोंद’ असं ओरडण्याऐवजी ‘४.२ का?’ असं विचारावं. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी १९९४ साली इंटरफेस तपासण्याचे जे दहा निकष मांडले, त्यांतला एक हाच आहे : चूक झाल्यावर चांगला संदेश देण्यापेक्षा ती होऊच न देणं बरं. हे दहा निकष छापून टेबलासमोर लावावेत आणि आपली प्रत्येक स्क्रीन त्यांच्याखालून काढावी. नवख्या माणसाला यापेक्षा स्वस्त शिक्षक मिळणार नाही.

यंत्रानं खरं सांगावं

२८ मार्च १९७९. पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक झडप उघडी अडकली आणि अणुभट्टीला थंड ठेवणारं पाणी बाहेर जाऊ लागलं. नियंत्रण कक्षातल्या दिव्यावरून मात्र झडप बंद असल्यासारखं वाटत होतं. तो दिवा झडपेची खरी स्थिती दाखवतच नव्हता. झडप बंद करण्याचा हुकूम गेला आहे, एवढंच तो दाखवत होता. दोन तासांहून अधिक काळ कर्मचारी त्या दिव्यावर विसंबून राहिले आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. या केंद्राच्या नियंत्रण कक्षाची पाहणी करणाऱ्यांत डॉन नॉर्मन होते. त्यांचा निष्कर्ष असा की, दोष कर्मचाऱ्यांपेक्षा रचनेचा होता. पुढे १९८८ साली आलेलं आणि ‘द डिझाईन ऑफ एव्हरीडे थिंग्ज’ या नावानं गाजलेलं त्यांचं पुस्तक याच विचाराभोवती उभं आहे.

हीच चूक आज शेकडो अ‍ॅपमध्ये लहान रूपात सापडते. ‘सेव्ह’ दाबलं की लगेच हिरवी बरोबरची खूण येते. नोंद मात्र नेटवर्क नसल्यामुळे सर्व्हरपर्यंत पोहोचलेलीच नसते. गावात रेंज ये-जा करत असते, हे माहीत असलेल्या संस्थापकानं तीन अवस्था वेगळ्या दाखवायला हव्यात : फोनमध्ये साठवलं, पाठवत आहे, पोहोचलं. पैशाच्या बाबतीत तर हा फरक म्हणजे विश्वासाचाच प्रश्न.

चांगल्या उत्तराचं उदाहरण आपल्या भाजीबाजारात आहे. क्यूआर कोडनं पैसे घेणाऱ्या भाजीवालीचे हात ओले, तराजूत गुंतलेले. फोन बघायला सवड नाही. गिऱ्हाईक स्वतःच्या फोनवर ‘पैसे गेले’ असं दाखवायचं आणि त्यात खोटे स्क्रीनशॉटही असायचे. रक्कम मोठ्यानं मराठीत बोलून दाखवणाऱ्या साउंडबॉक्सनं हा घोळ मिटवला. त्यात स्क्रीन नावालाच, आणि तरी तो उत्कृष्ट इंटरफेस आहे, कारण ज्याला खात्री हवी त्याला ती, ज्या क्षणी हवी त्या क्षणी आणि ज्या इंद्रियाला सवड आहे त्या इंद्रियापाशी मिळते.

यंत्राचं उत्तर किती लवकर यावं, याचेही अंदाज ठरलेले आहेत. सेकंदाच्या दहाव्या भागात प्रतिसाद आला, तर माणसाला वाटतं की आपल्या बोटानंच ते घडलं. एक सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांच्या पुढे लक्ष दुसरीकडे जातं. म्हणून सेकंदभरापेक्षा जास्त वेळ लागणार असेल, तर काम चालू आहे हे दाखवावं आणि दहा सेकंदांपुढे किती बाकी आहे तेही सांगावं.

नजर कशी चालते

आता स्क्रीन दिसायची कशी, याकडे येऊ. इथेही नशिबाचा किंवा देणगीचा भाग नवख्यांना वाटतो तेवढा मोठा नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्थायमर यांनी १९२३ साली दाखवलं की, जवळजवळ ठेवलेल्या गोष्टी डोळा आपोआप एका गटातल्या मानतो. एकसारख्या दिसणाऱ्या गोष्टींचंही तसंच. लेखिका रॉबिन विल्यम्स यांच्या १९९४ सालच्या ‘द नॉन-डिझायनर्स डिझाईन बुक’ या पुस्तकानं अशा गोष्टी चार शब्दांत बसवल्या : जवळीक, सरळ रेघ, पुनरावृत्ती आणि विरोध.

जवळीक म्हणजे ‘फॅट’ हे नाव आणि त्याचा आकडा यांच्यात ८ पिक्सेल अंतर असेल, तर पुढच्या गटापर्यंत २४ तरी असावं. अंतरं अशी नीट ठेवली की चौकटी आणि रेघा काढून टाकता येतात आणि स्क्रीन एकदम मोकळी होते. अंतरांचे आकडेही आधीच ठरवून ठेवावेत : ४, ८, १२, १६, २४, ३२, ४८. यांपलीकडचा आकडा वापरायचा नाही. ‘इथे १३ ठेवू की १५?’ हा प्रश्नच मग उरत नाही.

सरळ रेघ म्हणजे प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशाच्या तरी रेषेत असावी. मजकूर डावीकडून एका रेषेत; रकमा उजवीकडून एका रेषेत, म्हणजे एकक एककाखाली येतो आणि मोठी रक्कम नजरेला मोठी दिसते.

पुनरावृत्ती म्हणजे एकाच कामाचं बटण सगळीकडे एकाच रूपात, एकाच जागी. संपूर्ण अ‍ॅपमध्ये अक्षरांचे तीन-चार आकार पुरतात.

विरोध म्हणजे महत्त्वाचं ठळक आणि बिनमहत्त्वाचं फिकं. एका स्क्रीनवर एकच मुख्य बटण भरीव रंगाचं. बाकीची नुसत्या कडेची किंवा साध्या मजकुराची. सगळंच ठळक केलं, तर काहीच ठळक राहत नाही.

रंग शेवटी. आधी सगळी स्क्रीन काळ्या-करड्या-पांढऱ्यात जुळवावी. ती तशी समजत असेल, तरच रंग भरावा. वेबच्या सुगमतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या आकाराचा मजकूर आणि त्यामागची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण किमान ४.५ : १ असावं लागतं, ते मोजणारी साधनं फुकट मिळतात. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं लॅपटॉपवर देखणी दिसतात आणि दुपारच्या उन्हात दिसतच नाहीत. नुसत्या लाल-हिरव्या रंगावर अर्थ सोपवू नये. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के लोकांना हे रंग वेगळे ओळखताना अडचण येते, आणि आपल्याकडेही असे लोक आहेत. म्हणून रंगाशेजारी शब्द किंवा खूण हवीच. बोटानं दाबायच्या जागेसाठी अ‍ॅपल किमान ४४ पॉइंट आणि गूगल ४८ एकक सांगतं; गूगलचं माप प्रत्यक्षात सुमारे ९ मिलिमीटर भरतं. फिट्स यांचा नियम इथे कामी येतो.

देवनागरीचा हिशेब

मराठी वापरणाऱ्यांसाठी अ‍ॅप करणाऱ्यानं आणखी थोडं शिकायला हवं, कारण डिझाईनची बहुतेक पुस्तकं रोमन लिपी गृहीत धरतात. त्यांत मथळा उठून दिसावा म्हणून सगळी अक्षरं कॅपिटल करायला सांगतात. देवनागरीत कॅपिटल नाहीत. उठाव आकारानं आणि जाडीनंच आणावा लागतो. अक्षरांमध्ये अंतर वाढवण्याची युक्ती देवनागरीत वापरली तर शिरोरेषाच तुटते. वेलांटी, रफार आणि अनुस्वार वर जातात, उकार खाली उतरतात. त्यामुळे ओळींमधलं अंतर रोमनपेक्षा जास्त लागतं. इंग्रजी शब्दाच्या मापानं केलेल्या बटणात मराठी शब्दाचे उकार कापले जातात, हे आपण रोज बघतो.

मराठीतले ल आणि श हिंदीतल्यापेक्षा वेगळ्या वळणाचे असतात. पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये नोंदवलं आणि फाँटमध्ये ती सोय असली, की योग्य वळण आपोआप येतं. फाँटसाठी पैसे घालवायची गरज नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेनं केलेला ‘मुक्त’ किंवा गूगलचा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे मोफत आहेत आणि लहान आकारातही स्वच्छ वाचता येतात. आपल्या भाषेतली अक्षरं नीट दिसणं हा वाचणाऱ्याचा मान आहे. तो राखायला जे चार तास लागतील ते द्यावेत.

गप्प बसून बघणं

संस्थापकाचं सगळ्यात मोठं बळ म्हणजे त्याला आपलं उत्पादन आतून-बाहेरून माहीत असतं. नेमकी तीच त्याची अडचणही होते. जे त्याला उघड दिसतं ते नव्या माणसाला का दिसत नाही, हे त्याला कळत नाही. यावर एकच इलाज आहे : दुसऱ्याला वापरताना बघणं.

नील्सन आणि टॉम लँडॉअर यांनी १९९३ साली यामागचं गणित मांडलं. त्यांनी तपासलेल्या प्रकल्पांत एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करत होता. दुसरा येतो तेव्हा त्यातल्या काही पुन्हा दिसतात, काही नव्या. असं करत पाच माणसांत सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात. म्हणून पंधरा जणांना एकदम बसवण्यापेक्षा पाच जणांना बसवावं, दुरुस्त्या कराव्यात आणि मग पुढचे पाच बोलवावेत. वापरणाऱ्यांचे गट वेगळे असतील, तर प्रत्येक गटाची माणसं वेगळी घ्यावीत. आपल्या उदाहरणात शेतकरी वेगळे, केंद्रचालक वेगळे.

बसवायचं कसं, हे महत्त्वाचं. फोन हातात द्यायचा आणि एक काम सांगायचं : ‘काकी, काल संध्याकाळच्या दुधाला काय दर लागला, ते जरा शोधा बरं. शोधताना मनात येईल ते मोठ्यानं बोला.’ त्यानंतर तोंड बंद ठेवायचं. बोट चुकीच्या जागी गेलं तरी सांगायचं नाही. ते तिथे का गेलं हे लिहून ठेवायचं. ‘आवडलं का?’ हा प्रश्न विचारूच नये. आपल्याकडे घरी आलेल्या पोराचं मन कुणी मोडत नाही. उत्तर ‘छान आहे’ असंच येणार. आवड विचारण्यात काही हाती लागत नाही. माणूस कुठे थांबला, कुठे मागे गेला, कुठे कपाळाला आठी पडली, यातच सगळी माहिती असते. यासाठी तयार अ‍ॅपही लागत नाही. कागदावर काढलेल्या स्क्रीन एकेक पुढे सरकवूनही हेच करता येतं, आणि कागद फाडायला मन कचरत नाही.

शिकायचं कसं

पहिला आठवडा बघण्यात घालवावा. आपण रोज वापरतो त्या अ‍ॅपपैकी एक घ्यावं आणि प्रत्येक स्क्रीनला विचारावं : इथे सगळ्यात मोठं काय आहे, का आहे, आणि काय लपवलं आहे? मग फिग्मासारख्या साधनात तीच स्क्रीन जशीच्या तशी पुन्हा काढावी. फिग्माची प्राथमिक आवृत्ती फुकट आहे. फिग्मा २०१२ मध्ये सुरू करणारे डिलन फील्ड आणि इव्हान वॉलेस हेही संगणकशास्त्राचे विद्यार्थी होते. नक्कल करताना लक्षात येतं की जे अंतर आपण १० धरलं होतं ते १६ आहे आणि जो मजकूर काळा वाटला होता तो गडद करडा आहे. नजर तयार होते ती अशी. ही नक्कल वहीतच ठेवावी. आपल्या उत्पादनात दुसऱ्याचं रूप उचलू नये.

जोडीला पुस्तकं फार नकोत. नॉर्मन यांचं पुस्तक विचारासाठी, स्टीव्ह क्रुग यांचं २००० सालचं ‘डोन्ट मेक मी थिंक’ चाचणीसाठी आणि अ‍ॅडम वॅदन व स्टीव्ह शोगर यांचं ‘रीफॅक्टरिंग यूआय’ दिसण्यासाठी. यांतलं शेवटचं मुख्यतः प्रोग्रॅमर डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिलेलं आहे. १९६९ साली सुरू झालेल्या आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाईन संस्थेनं ‘डीसोर्स’ या प्रकल्पातून डिझाईनचे पाठ सर्वांसाठी मोफत उपलब्ध केले आहेत. तेही जरूर बघावेत.

मोहाची जागा

इंटरफेसमध्ये ताकद असते, म्हणून तिचा गैरवापरही होतो. ग्राहकाला फसवणाऱ्या रचनांना हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० साली ‘डार्क पॅटर्न’ असं नाव दिलं. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित करून अशा १३ प्रकारांना मनाई केली. न मागता टोपलीत वस्तू घालणं, ‘फक्त दोनच उरले’ अशी खोटी घाई करणं, वर्गणी घेणं सोपं आणि बंद करणं अवघड ठेवणं, पैसे भरायच्या शेवटच्या पायरीवर नवं शुल्क दाखवणं, हे सगळं त्यात येतं. असे निर्णय डिझायनर एकटा घेत नाही. महिन्याचे आकडे वाढवायचे असतात तेव्हा ते संस्थापकाच्या खोलीत ठरतात. ज्याला इंटरफेस समजतो त्याला ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असं म्हणता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

धंदा वाढला की चांगला डिझायनर अवश्य घ्यावा. ब्रँडची ओळख, चित्रं, पन्नास स्क्रीनमध्ये टिकणारी एकसंध रचना ही वर्षांच्या तयारीची कामं आहेत आणि ती त्या तयारीच्या माणसानंच करावीत. पण तोवर इतकं शिकलेल्या संस्थापकाला कुणाला घ्यावं हे कळतं, समोर आलेल्या कामाबद्दल ‘जरा पॉप करा’ यापलीकडे नेमकं बोलता येतं आणि वाद झाला की चाचणीत काय दिसलं हे पुढे ठेवता येतं. एक काम मात्र तेव्हाही दुसऱ्यावर सोपवू नये : महिन्यातून काही तास वापरणाऱ्याच्या शेजारी बसून, न बोलता, त्याचं बोट कुठे जातं ते बघणं. कंपनी कितीही मोठी झाली तरी पुढचा योग्य निर्णय तिथूनच मिळणार आहे.